कुसुमताईंनी मागे घेतलेला निष्कर्ष

टेबलाचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं त्यांच्या. मी ते समुद्राकडच्या ओसरीवर नेत होते, त्या मागच्या अंगणाकडे ओढत होत्या. मी म्हटलं, उजेड इकडे चांगला आहे. त्या म्हणाल्या, उजेड आहे, पण वारं खारं आहे, उद्या सकाळपर्यंत लेन्सवर थर बसेल. मी टेबल सोडलं नाही. त्यांनीही सोडलं नाही. शेवटी सर बाहेर आले, त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुसुम म्हणते तिकडे न्या."

डॉ. कुसुम घरत यांची आणि माझी ही पहिली भेट. जागा मुरुडची, नारळाच्या वाडीतलं एक लहानसं लॉज. आम्ही दोघी तिशीत होतो. त्या माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. मी सरांची पहिली विद्यार्थिनी. सरांच्या मुंबईच्या प्रयोगशाळेत कुसुमताईंना येऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. टेबल मागच्या अंगणात गेलं. त्यावर त्यांनी मायक्रोस्कोप ठेवले, प्रत्येकाशेजारी कोरड्या तांदळाची पुरचुंडी ठेवली आणि वरून फडकं टाकलं. तांदूळ ओल ओढून घेतो, हे मलाही माहीत होतं. मला ते सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून मला त्यांचा मत्सर वाटत आला आहे. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात हे लिहावं का, याचा मी बरेच दिवस विचार केला. ते वगळून बाकीचं खरं लिहिता येईना, म्हणून आधीच लिहून टाकते.

मुरुडची बैठक या ग्रंथाच्या सगळ्याच वाचकांना ठाऊक नसेल. स्तनग्रंथी कशी घडते, दूध कसं येतं, ते आटल्यावर ग्रंथी पुन्हा कशी मिटते आणि या सगळ्यात कॅन्सर कुठून शिरतो, यावर काम करणारी तीस-चाळीस माणसं दर जानेवारीत तिथे अडीच दिवस भेटतात. जीवशास्त्रज्ञ असतात, पॅथॉलॉजिस्ट असतात, दोन-तीन सर्जन असतात. सरांनी ही बैठक सुरू केली तेव्हा एकच नियम घातला होता. पडद्यावर दाखवलेल्या चित्रावर विश्वास ठेवायचा नाही. चित्र निवडून आणलेलं असतं. ज्याचं भाषण असेल त्याने आदल्या दुपारी आपल्या सगळ्या स्लाइड अंगणात मांडायच्या, वाईटसुद्धा. ज्याला हवं त्याने येऊन बघावं. शंका असली तर चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावी, नाव लिहू नये. दुसऱ्या दिवशी बोलायला उभं राहणाऱ्याने त्या चिठ्ठ्या स्वतः उघडून मोठ्याने वाचायच्या आणि उत्तर द्यायचं. उत्तर झाल्यावर वाटलं तर विचारणाऱ्याने हात वर करावा.

या अंगणात कुसुमताईंना पाहणं हा एक अनुभव असे. उंदरिणीची ग्रंथी स्लाइडवर पसरून रंगवली की नळ्यांचं जाळं दिसतं, एका नळीला फांद्या, फांदीला फांद्या. आम्ही मोजत बसायचो. त्या मोजायच्या आधी एकदा नुसतं बघत. मग एका टोकावर बोट ठेवून म्हणत, इथे काहीतरी सुरू होतंय. ते बहुतेक वेळा खरं निघे. मी एकदा त्यांना विचारलं की हे कसं कळतं. त्यांचे आईवडील पेणच्या खाडीकाठी मिठागरावर कामाला होते. त्या म्हणाल्या, मीठ धरण्याआधी पाणी जरा वेळ जड दिसतं, बाबांनी ते ओळखायला शिकवलं, तसंच आहे. मी पुण्यात वाढले. आमच्याकडे मीठ डब्यात असे.

हे सांगताना मी विनोद करते आहे, असं कुणाला वाटेल. मी त्या रात्री झोपले नव्हते.

त्यांच्या कामाची यादी या ग्रंथात दुसरीकडे आहे. दूध आटण्याच्या काळात ग्रंथीत काय काय ढासळतं आणि काय मागे उरतं, याचं त्यांनी केलेलं वर्णन आज विद्यार्थी नाव न विचारता वापरतात. मला तेवढंच मिळालं असतं तरी चाललं असतं. मी त्याच प्रश्नावर सहा वर्षं होते. त्यांच्या दोन वर्षं आधी सुरुवात केली होती.

बैठकीच्या दुसऱ्या दुपारी गावातल्या बायकांसाठी एक तास ठेवायचा, ही कल्पना माझी. गाठ कशी ओळखावी, कुठे जावं, हे सांगायचं. पहिल्या वर्षी मी चार पानं लिहून नेली होती. चांगली लिहिली होती, आजही मला ती चांगली वाटतात. कोळीवाड्यातल्या वीसेक बायका आल्या होत्या. मी वाचलं, त्यांनी ऐकलं. शेवटी पुढच्या रांगेतली एक जण म्हणाली, "गाठ दुखत न्हाय. मग कशाला दाखवू?" मी उत्तराची जुळवाजुळव करत होते. कुसुमताई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "दुखत न्हाय म्हनूनच दाखव, बाय. दुखली असती तर मी बोलावली असती का तुला? तूच आली असतीस."

बायका हसल्या. कुणीतरी विचारलं की तुमी डाक्तर हाव काय. कुसुमताई म्हणाल्या, "न्हाय. मी उंदीरवाली." त्या संध्याकाळी चार बायका लॉजच्या मागच्या खोलीत आमच्याबरोबरच्या सर्जनबाईंना दाखवायला आल्या. कुसुमताई दाराबाहेर पायरीवर बसून राहिल्या, शेवटची बाहेर येईपर्यंत. त्यातल्या एकीची गाठ वेळेवर निघाली. ती अजून मुरुडच्या बाजारात मासे विकते आणि त्यांना उंदीरवाली बाय म्हणते. मला ती ओळखत नाही.

विद्यार्थ्यांचंही तेच. माझा एक हुशार विद्यार्थी दुसऱ्या वर्षी माझं काम सोडून त्यांच्याकडे जायला निघाला. त्याने मला सांगण्याआधी कुसुमताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या की मुलगा आलाय, पण तू स्वतः हो म्हटल्याशिवाय मी त्याला बसायला खुर्चीसुद्धा देणार नाही. मी हो म्हटलं. नाही म्हणायला एखादं कारण त्यांनी ठेवलं असतं, तर बरं झालं असतं.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सर थकले होते. पुढच्या जानेवारीत बैठकीची जबाबदारी कुणाकडे तरी सोपवणार, असं त्यांनी कळवलं होतं. नाव एक तर माझं असणार होतं, नाहीतर कुसुमताईंचं. मला ती जबाबदारी हवी होती. किती हवी होती, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आज सांगते. दुसरं काहीच नको होतं इतकी हवी होती.

त्या वर्षी कुसुमताईंकडे रेश्मा ही विद्यार्थिनी पीएच.डी. करत होती. रेश्मा मुरुडचीच. लहानपणी बैठकीच्या वेळी लॉजच्या कुंपणाशी उभी राहून आमचे मायक्रोस्कोप बघायची. तिच्या प्रयोगात एक औषध दिलेल्या माद्यांच्या ग्रंथीत फांद्या फारच कमी दिसत होत्या. औषध न दिलेल्या माद्यांत भरपूर. फांद्या कमी म्हणजे पुढे गाठ होण्याची शक्यता कमी, असा तो विचार होता. बातमी सगळ्यांच्या कानावर गेली होती. जानेवारीत कुसुमताई हेच मांडणार होत्या, आणि त्यानंतर सर कुणाचं नाव घेतील हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ऑगस्टमध्ये एका परीक्षेसाठी मी त्यांच्या संस्थेत गेले होते. कुसुमताई तासावर होत्या, रेश्मा घरी गेली होती. वेळ होता म्हणून मी ॲनिमल हाउसमध्ये डोकावले. तिथली व्यवस्था बघणारे तांडेलमामा मला ओळखत. ते छताकडे बोट दाखवून म्हणाले, "बघा मॅडम. इथे उंदरांना पन छत्री लागते." भिंतीलगत पाणी गळत होतं. त्या भिंतीजवळचे पिंजरे त्यांनी आणि रेश्माने जूनमध्येच हलवले होते. औषध दिलेल्या माद्यांचे पिंजरे ते. हलवून ठेवले होते नरांच्या पिंजऱ्याशेजारी, कारण रिकामी जागा तेवढीच होती. बाकीच्या माद्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कोरड्या जागी, होत्या तिथेच.

उंदरिणींचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं. त्यात ठरावीक दिवशी फांद्या फुटतात, ठरावीक दिवशी त्या ओसरतात. आणि नराचा वास लागला की शेजारच्या सगळ्या माद्या एकाच वेळी चक्रात येतात. म्हणजे एका बाजूच्या माद्या एकाच दिवसावर आलेल्या, दुसऱ्या बाजूच्या कुठेही. अशांच्या ग्रंथी एका दिवशी काढून शेजारी ठेवल्या तर फरक दिसणारच. तो औषधाचाच असेल असं नाही. आमच्या विषयातल्या माणसाला हे कळायला एक मिनिट लागतं. आणि आमच्याच विषयातल्या माणसाच्या हातून हे सुटतं, कारण पिंजरे हलवणं त्याला प्रयोगाचा भाग वाटत नाही, घरकाम वाटतं.

मी तांडेलमामांना म्हटलं, छताचं बघायला सांगा. मग कुसुमताईंबरोबर जेवले. त्यांनी घरून भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली होती, ती अर्धी मला दिली. त्या रेश्माबद्दल बोलत होत्या. मी काही बोलले नाही.

सप्टेंबरमध्ये बोलले नाही. दिवाळीत त्यांचा फोन आला तेव्हाही नाही.

जानेवारीत मुरुडला त्यांनी आणि रेश्माने अंगणात स्लाइड मांडल्या. मी सगळ्यांबरोबर बघितल्या. सुंदर होत्या. मी चिठ्ठीवर एक ओळ लिहिली आणि पेटीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमताई उभ्या राहिल्या, चिठ्ठ्या उघडल्या. पहिल्या दोनांची उत्तरं त्यांनी दिली. तिसरी त्यांनी मोठ्याने वाचली: "पावसाळ्यात दोन्ही गटांचे पिंजरे खोलीत कुठे कुठे होते?" वाचून झाल्यावर त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला. मग त्यांनी रेश्माला विचारलं. रेश्मा जागेवरूनच म्हणाली, छत गळत होतं मॅडम, म्हणून औषधवाले नरांच्या बाजूला घेतले होते. बोलता बोलता तिला स्वतःलाच कळलं. ती खाली बसली.

कुसुमताई म्हणाल्या, "हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. उत्तर ऐकलंत. प्रयोग पुन्हा होईपर्यंत हा निष्कर्ष मी मागे घेते. मुलीची चूक नाही. पिंजऱ्यांची नोंद बघणं माझं काम होतं." त्यांच्याकडे चाळीस मिनिटं होती. त्यांनी सहा वापरली.

प्रश्न कुणाचा, असं सरांनी विचारलं. मी हात वर केला.

दुपारी सरांनी माझं नाव जाहीर केलं. अशी नजर बैठकीला हवी, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. कुसुमताईंनीही वाजवल्या. मी त्यांच्याच हातांकडे बघत होते.

संध्याकाळी चहानंतर त्या अंगणात स्लाइड पेटीत भरत होत्या. मी जवळ गेले. त्यांनी वर न पाहता विचारलं, "ऑगस्टमध्ये तू तांडेलमामांकडे गेली होतीस ना?"

मी हो म्हटलं.

"तेव्हाच दिसलं?"

"हो."

त्यांनी उरलेल्या स्लाइड भरल्या, झाकण लावलं. मग म्हणाल्या, "मला नाही सांगितलंस ते मी समजू शकते. रेश्माला एक फोन करायचास."

मी म्हटलं की मी आत्ता सरांकडे जाते आणि जबाबदारी परत करते. त्या म्हणाल्या, "सरांना आता त्रास नको. तुला हवी होती ना बैठक? मग चालव. नीट चालव." पेटी उचलताना म्हणाल्या, "रेश्माला मी सांगणार नाही. ते तुझं काम."

त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. मला पुन्हा त्यावरून एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षीच्या बैठकीला सगळ्यांच्या आधी आल्या आणि टेबलं लावायला लागल्या. त्या रागावल्या असत्या, दोन वर्षं बोलल्या नसत्या, तर माझ्या मत्सराला काहीतरी आधार राहिला असता. तोही त्यांनी ठेवला नाही.

बैठक मी बारा वर्षं चालवली. नीट चालवली, एवढं मी म्हणू शकते. पत्रांवर माझी सही असे. एस.टी. स्टँडवर उतरून लॉजचा रस्ता विचारला की लोक म्हणत, "कुसुमबायची मीटिंग हाय ना? जा सरळ."

रेश्माने प्रयोग पुन्हा केला. फरक उरला, पहिल्यापेक्षा बराच लहान, पण खरा. काही वर्षांनी तिचा शोधनिबंध छापून आला. तिचं नाव पहिलं, कुसुमताईंचं शेवटी. खाली आभारात लिहिलं होतं की पिंजऱ्यांच्या जागेबद्दल विचारलेल्या प्रश्नासाठी डॉ. अनुराधा यांचे आम्ही ऋणी आहोत. माझे आभार मानणारे निबंध बरेच आहेत. हा मी एकदाच वाचला.

आज रेश्मा स्वतः प्राध्यापक आहे आणि या ग्रंथाची संपादकही. तिने फोन करून सांगितलं की मॅडमच्या मनाचा मोठेपणा दिसेल असा एखादा छोटा प्रसंग लिहा, तुम्ही त्यांना सगळ्यांत जास्त ओळखता. मला एकच प्रसंग आठवला. मी कुसुमताईंना फोन केला आणि विचारलं, तो लिहू का. त्यांनी विचारलं, "अजून सांगितलं नाहीस तिला?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "कमाल आहे तुझी. मग आधी तिला सांग. छापायचं काय ते ती ठरवेल."

म्हणून हा लेख मी पोस्टाने पाठवणार नाही. रेश्मा, माझ्या गप्प बसण्याने तुझे पाच महिने गेले. ऑगस्टमध्ये मी एक फोन केला असता तर ते वाचले असते, आणि तुला भरल्या सभेत उभं राहून ते उत्तर द्यावं लागलं नसतं. फोन न करण्याचं कारण तुझ्या मॅडम होत्या. त्यांच्यासारखं होता येत नव्हतं, म्हणून त्या एकदा तरी चुकलेल्या मला बघायच्या होत्या. चुकल्यावर माणसाने कसं उभं राहावं, तेही मग त्यांच्याकडूनच बघावं लागलं.

कुसुमताईंची पंच्याहत्तरी होते आहे. त्यांचे गुडघे दुखतात, डोळे अजून माझ्याहून चांगले आहेत. डोळे तसेच राहोत आणि गुडघ्यांनी फार कुरकुर करू नये. जानेवारीचा खारा वारा त्यांच्या अंगाला आणखी पुष्कळ वर्षं लागो. मला त्यांच्या दोन पावलं मागे राहायची चाळीस वर्षांची सवय आहे आणि या वयात ती मोडायची माझी इच्छा नाही. त्यांनी माझ्यापेक्षा जास्त जगावं. बाकी सगळ्या गोष्टींत त्या पुढे होत्या, यातही असाव्यात. हे मी मनापासून म्हणते.

लेख इथे संपला होता. यंदाच्या बैठकीच्या पहिल्या संध्याकाळी मी तो मुरुडला रेश्माच्या घरी नेऊन दिला. तिच्या अम्मीने चहा दिला. रेश्माने पानं चाळली नाहीत, शांतपणे वाचते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तिचा फोन आला. पाच महिने हा आकडा चुकीचा आहे, असं तिने सांगितलं. तिच्या शिष्यवृत्तीची मुदत त्या मार्चमध्ये संपली होती. प्रयोग पुन्हा सुरू करता येईपर्यंत तिने मुरुडच्या शाळेत दोन वर्षं विज्ञान शिकवलं. बाकीचा मजकूर आहे तसा छापू, एवढं म्हणून तिने फोन ठेवला.